गप्प बसा, पण थापा मारू नका

मागच्या महिन्यात लातुरात एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय : युद्धकाळात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा असाव्यात. बाजूने बोलणारा पोरगा उठला आणि पहिल्याच वाक्यात सियाचीनला पोचला. हाडं गोठवणारी थंडी, तिथला जवान, आणि इथे एसीत बसून प्रश्न विचारणारे आपण. टाळ्यांचा कडकडाट. (सभागृहात एसी नव्हता, पंखेही दोनच फिरत होते, ते असो.) विरुद्ध बाजूची मुलगी उठली. तिने व्होल्टेअरच्या नावावर खपणारं, त्याने कधीच न लिहिलेलं ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं आणि पुढची चार मिनिटं गळचेपी, हुकूमशाही, लोकशाहीची हत्या. तिलाही टाळ्या. असे सोळा स्पर्धक झाले. नेमकं काय बोलण्यावर मर्यादा हवी, ती कुणी घालायची आणि किती दिवस, हे सोळांपैकी एकानेही सांगितलं नाही. पोरांना तरी दोष कशाला द्यायचा? मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान लढाईपासून टीव्हीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत मोठ्यांचा हा वाद असाच चालू आहे. एकाच्या मते तोंड उघडलं की देशद्रोह. दुसऱ्याच्या मते लष्कराने काही झाकलं की लोकशाही बुडाली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लढाई चालू असताना सरकारने आणि लष्कराने गप्प बसावं, हवं तितकं गप्प बसावं. तो त्यांचा हक्क आहे. पण आपल्याच माणसांना खोटं सांगण्याचा हक्क कुणालाही नाही. सरकारला नाही आणि सरकारने न सांगताही त्याच्या वतीने ओरडणाऱ्या वाहिन्यांना तर नाहीच नाही. गुप्तता वेगळी, थाप वेगळी. दोन्ही एकाच पोत्यात भरल्या की मग पोतं उचला नाहीतर फेका, एवढाच वाद उरतो.

८ मेच्या रात्री मी औशाजवळच्या एका खेड्यात भाचीच्या हळदीला होतो. साडेदहा-अकराचा सुमार असेल. बुंदीची पंगत उठत होती, डीजेवाला वायरी गुंडाळत होता, आणि मांडवाच्या कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “कराची गेली!” बघता बघता पंधरा मोबाईल पेटले. एका वाहिनीवर नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केलेलं, दुसरीवर इस्लामाबादेत आपलं सैन्य शिरलेलं. मागे भोंगा वाजतोय, निवेदक उभ्यानेच किंचाळतोय. नवरदेवाकडच्यांनी वरातीसाठी राखून ठेवलेल्या लडी तिथेच लावल्या. माझ्या चुलतभावाचा पोरगा तोफखान्यात आहे, तेव्हा जम्मूच्या बाजूला होता, आणि चार दिवसांपासून त्याचा फोन बंद होता. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “भावजी, कराची घेतली म्हणतेत. मग आपली बी लई पोरं गेली असतील की?”

अख्ख्या मांडवात हा प्रश्न फक्त त्यांना पडला होता. मला उत्तर देता आलं नाही. सकाळी कराची होती तिथेच होती. एखाद्या-दुसऱ्या निवेदकाने दिलगिरीचे चार शब्द म्हटले, बाकीच्यांनी रात्रीच्या बातमीवर सकाळची बातमी अंथरली. वहिनींनी त्या रात्री जे काही सोसलं त्याची भरपाई कुठल्या नियमावलीत बसते?

समोरच्या बाजूत खरं बळ आहे, ते आधी मान्य करतो. २६/११ ला ताज आणि ओबेरॉयच्या बाहेर कॅमेरे रोवून वाहिन्यांनी कमांडोंची हालचाल थेट दाखवली. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच दृश्यं बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली वाहिन्यांना यावरून खडसावलं आणि अशा प्रक्षेपणाचं समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आडून करता येणार नाही, असं बजावलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षणविषयक कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका अशी सूचना काढली. तिच्यात कारगिल, २६/११ आणि कंदहारचं अपहरण असे तिन्ही दाखले होते. त्या सूचनेला माझा विरोध नाही. वहिनींच्या पोराची तोफ कुठल्या टेकडीमागे आहे हे कुणी जगाला सांगावं, असं मला कसं वाटेल? परभणी-पूर्णेच्या फलाटावरून रणगाडे लादलेली मालगाडी गेली की आमची पोरं रील काढतात. अशा पोराचा मोबाईल पोलिसाने तासभर काढून घेतला तर मी त्याच्या बाजूने मोर्चा काढणार नाही.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. शत्रूही खोटं पसरवतो. त्या चार दिवसांत सीमेपलीकडून जुन्या अपघातांचे फोटो आणि व्हिडिओ गेममधली चित्रं लढाईची म्हणून फिरत होती. शिवाय आपल्याकडच्या एखाद्या पुढाऱ्याने शंका काढली की तिची चित्रफीत तासाभरात तिकडच्या वाहिन्यांवर दिसते. अशा वेळी सरकारने हातावर हात धरून बसायचं का? आणि शत्रूची दिशाभूल हे तर युद्धाचं जुनं हत्यार. गनिमी काव्याचा अभिमान सांगणाऱ्या मुलुखात ‘युद्धात सदैव सत्य बोला’ असला उपदेश कोण ऐकेल? १९४४ साली दोस्तांनी रबरी रणगाडे फुगवून आणि खोटे बिनतारी संदेश सोडून जर्मनांना पटवलं की स्वारी नॉर्मंडीवर नसून कॅलेवर होणार आहे. ती थाप होती, आणि तिने हजारो जीव वाचवले.

हे सगळं कबूल. पण या प्रत्येक उदाहरणात फसतं कोण ते पाहा. कॅलेच्या थापेने हिटलर फसला. गनिमी काव्याने गनीम फसला, रयत नव्हे. कराची पडल्याच्या थापेने पाकिस्तानचं नौदल फसलं का? आपलं बंदर शाबूत आहे की नाही हे बघायला त्यांना भारतीय वाहिनी लावायची गरज नव्हती. खिडकी उघडली की दिसत होतं. त्या थापेने फसलो ते औशाच्या मांडवातले आम्ही. शत्रूला स्वतःची किती माणसं मेली, किती विमानं पडली हे पक्कं ठाऊक असतं, आणि तुमची किती पाडली याचाही त्याला बराच अंदाज असतो. घरच्यांसाठी बनवलेली थाप सीमा ओलांडतच नाही. आणि ओलांडली तर हसं होण्यासाठी ओलांडते.

गुप्तता पाळूनही खरं सांगता येतं, ही रीत मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. पानिपतानंतर उत्तरेकडून निघालेल्या एका सावकारी पत्रातली बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळली : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. वाटेत कागद कुणाच्या हाती लागला तरी व्यापाऱ्याचा तोटा वाटावा. आणि ज्याला कळायचं त्याला कळावं की भाऊ आणि विश्वासराव गेले, सरदार गेले, माणसांचा हिशोब नाही. त्या सावकाराने बातमी झाकली, पण फिरवली नाही. ‘दिल्ली घेतली, पेढे वाटा’ असं त्याने लिहिलं असतं तर?

आजही अशी माणसं आहेत, आणि गंमत म्हणजे ती गणवेशातच सापडतात. ११ मेच्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांना आपली विमानं पडली का, असं विचारलं गेलं. नुकसान हा लढाईचा भाग असतो, स्थिती अजून लढाईचीच आहे म्हणून तपशील देणार नाही, आपले सगळे वैमानिक परतले आहेत, असं त्यांनी सांगितलं. बघा, आकडा दिला नाही आणि खोटंही बोलले नाहीत. ३१ मेला सिंगापुरात संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, संख्या तेव्हाही राखून ठेवली. मधले तीन आठवडे मात्र हाच प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला चर्चेच्या खिडक्यांतून गद्दार ठरवलं जात होतं. जनरलसाहेबांनी मान्य केल्यावर त्या गद्दारांचं काय झालं? कुणी त्यांचं नाव यादीतून काढल्याचं ऐकिवात नाही.

घरच्यांना फसवण्याचा शेवट कसा होतो याचा १९७१ एवढा स्वच्छ धडा दुसरा नाही. पश्चिम पाकिस्तानच्या माणसाला नऊ महिने सांगितलं जात होतं की पूर्वेकडे सगळं आलबेल आहे, मूठभर फुटीर आहेत, ते आवरले जात आहेत. अँथनी मास्कारेन्हस या कराचीच्या पत्रकाराने ढाक्याकडचा संहार डोळ्यांनी पाहिला, पण तो छापायला त्याला लंडन गाठावं लागलं. जूनमध्ये तिथल्या ‘संडे टाइम्स’ने तो छापला. १६ डिसेंबरला ढाक्यात तिथले पाकिस्तानी सेनापती नियाझी यांनी शरणागतीवर सही केली आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष याह्या खान रेडिओवरून सांगत होते की लढाई चालूच राहील. दुसऱ्या दिवशी त्यांनी युद्धबंदी मान्य केली. लोक रस्त्यावर आले, २० तारखेला याह्यांची खुर्ची गेली. हरल्याचा धक्का होताच. पण आपल्याला अखेरच्या घटकेपर्यंत उल्लू बनवलं, हा राग त्याहून मोठा होता. पराभव का झाला हे शोधणारा हमूदुर रहमान आयोगाचा अहवालही त्या देशाने दडवला. सन २००० मध्ये त्याचा भाग आधी भारतातल्या नियतकालिकात फुटला. आपल्याच पराभवाची कारणं शत्रूच्या नियतकालिकातून कळणं, याहून वाईट ते काय?

पाकिस्तानचं उदाहरण दिलं की आपल्याकडे मान डोलावतात. म्हणून आता लातूरचं देतो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा मूळचा इथलाच वकील, इथल्याच कोर्टात काळा कोट घालून उभा राहायचा. १९४८ मध्ये तो हैदराबादच्या सभांतून सांगत होता की आसफजाही झेंडा लाल किल्ल्यावर फडकेल आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील. निजामाच्या रेडिओने हीच हवा गावोगाव पोचवली. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान मात्र लिहीत होते की हा वेडेपणा आहे, भारतात सामील व्हा. ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्यांना भर रस्त्यात गाठून मारलं. ज्या हाताने ते लिहायचे तो हात तोडला. तीन-चार आठवड्यांनी, १३ सप्टेंबरच्या पहाटे, भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि १७ तारखेला सगळं आटोपलं. पाच दिवस! लाल किल्ल्याच्या गोष्टी ऐकून ज्यांची डोकी तापवली होती त्या साध्या मुसलमान शेतकऱ्या-विणकऱ्यांना उरलेलं भोगावं लागलं. रझवी काही वर्षं तुरुंगात राहिला आणि सुटून पाकिस्तानात गेला. त्या ऑगस्टमध्ये निजामाच्या प्रजेचा खरा हितकर्ता कोण होता, धीर वाढवणारा वकील की ‘गद्दार’ संपादक?

यावर कुणी म्हणेल, रझवी वेडा होता, आपलं तसं नाही. आपल्याला फक्त लोकांचं मनोधैर्य टिकवायचं आहे. मनोधैर्य हा शब्द आला की मी सावध होतो, कारण तो नेहमी दुसऱ्याच्या मनोधैर्याबद्दल वापरला जातो. बोलणारा स्वतः सत्य पचवू शकतो, फक्त बाकीची जनता कच्च्या मनाची. खरंच असं असतं का? ७ आणि ८ मे १९४० ला ब्रिटिश संसदेत नॉर्वेतल्या फजितीवर खुली चर्चा झाली. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेनच्या स्वतःच्या पक्षातले लोक त्यांच्यावर तुटून पडले आणि दोन दिवसांनी, जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसत असतानाच, पंतप्रधान बदलला. देश खचला नाही. उलट त्याला चर्चिल मिळाला. पहिल्या महायुद्धात ‘टाइम्स’ने तोफगोळ्यांच्या तुटवड्याची बातमी दिली तेव्हाही हाच गलका झाला होता, आणि त्या बातमीनंतरच्या उलथापालथीतून दारूगोळ्याचं वेगळं मंत्रालय उभं राहिलं.

इंग्रजांचं राहू द्या. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा उतरत होत्या तेव्हा चाळिशीही न गाठलेल्या अटलबिहारी वाजपेयींनी संसद बोलवा अशी मागणी केली. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावलं. ते गुप्त घ्यावं अशी सूचना आली, ती त्यांनी मानली नाही. युद्ध चालू, सरकार कोंडीत, आणि स्वपक्षाचे खासदारसुद्धा संरक्षणमंत्र्याच्या कारभाराची उघड चिरफाड करतायत. कृष्ण मेनन यांना तर अधिवेशन भरण्याआधीच जावं लागलं, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणत महाराष्ट्राने यशवंतरावांना दिल्लीला पाठवलं. ‘युद्धात प्रश्न विचारू नका’ हा नियम तेव्हा पाळला असता तर मेनन त्या खुर्चीवर राहिले असते आणि यशवंतराव मुंबईत. १९६५ ला सामोरं जाणारं सैन्य ज्या तीन वर्षांत सावरलं त्याचं मूळ त्या बोचऱ्या भाषणांत आहे, असं मी मानतो. मात्र त्याच पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने साठ वर्षांनंतरही अधिकृतपणे खुला केलेला नाही. उलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून २००० साली संसदेपुढे ठेवला गेला. त्याने आभाळ कोसळलं नाही.

“विचारा ना, पण युद्ध संपल्यावर विचारा.” हा सगळ्यात समजूतदार वाटणारा युक्तिवाद, आणि मी स्वतः बरीच वर्षं तो मानत होतो. अडचण एवढीच की युद्ध संपलं हे ठरवायचं कुणी? चीनने २१ नोव्हेंबर १९६२ ला एकतर्फी युद्धबंदी केली. २६ ऑक्टोबरला लागलेली आणीबाणी मात्र उठली १० जानेवारी १९६८ ला. लढाई महिनाभराची, आणीबाणी पाच वर्षांची. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातल्या अभिव्यक्तीवरच्या बंधनांत ‘देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता’ ही भर १९६३ ची. ती तर कायमचीच राहिली. १९७१ चं युद्ध तेरा दिवसांचं. त्यासाठी ३ डिसेंबरला लावलेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालू होती. जून १९७५ मध्ये वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली तेव्हा कायद्याचा आधार म्हणून १९७१ च्या युद्धासाठी केलेले भारत संरक्षण नियमच पुढे केले गेले. ढाका मुक्त होऊन साडेतीन वर्षं झाली होती. नियम याह्या खानसाठी केला आणि लागू झाला आपल्याच संपादकांना. पाहुणा म्हणून आलेली बंदी घरजावई होते, हे ज्यांनी आणीबाणी पाहिली त्यांना तरी सांगायला नको. बरं, २०२५ ची कारवाई संपलेली नाही, स्थगित आहे, असं सरकारच म्हणतं. मग विचारायचं कधी?

आता शिक्षा कुणाला होते ते बघू, कारण सगळं सोंग तिथे उघडं पडतं. पुण्यात एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने कारवाईवर टीका करणारी दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलली, दोन तासांत पुसून माफी मागितली. तिला अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि सरकार व कॉलेज दोघांच्याही कान उपटले. आता दुसरं प्रकरण. ७ मेला पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात एका मदरशातला शिक्षक ठार झाला. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून ‘दहशतवादी मारला’ म्हणून सांगितलं. जम्मू-काश्मीर पोलिसांना खुलासा करावा लागला की हा माणूस निर्दोष होता. शत्रूच्या गोळ्याने मेलेला आपला नागरिक, आणि त्याला शत्रू ठरवलं आपल्याच वाहिनीने. गुन्हा नोंदवा असा आदेश यायला जूनअखेर उजाडली, तोही पूंछच्या न्यायालयाकडून. कुठल्या मंत्रालयाने स्वतःहून हात उचलला नाही. त्याच दिवसांत सरकारने ‘एक्स’ला आठ हजारांहून अधिक खाती बंद करायला सांगितली होती. एवढी जागरूक यंत्रणा कराची पाडणाऱ्यांपाशी येऊन आंधळी का झाली? देशहिताचा निकष खरा असता तर लाखोंना खोटं सांगणारा आधी आत गेला असता, दोनशेजणांना चुकीचं सांगणारी पोरगी नंतर. व्यवहारात निकष एवढाच दिसतो की थाप कुणाच्या बाजूची आहे.

आपल्या बाजूची थाप निरुपद्रवी असते, हा समजही जाता जाता तपासायला हवा. १० मेला गृहमंत्रालयाला वाहिन्यांना विनंती करावी लागली की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोकांना खऱ्या भोंग्याची किंमत राहणार नाही. लांडगा आला रे आला; पोरांच्या पुस्तकातली गोष्ट केंद्राला काढावी लागली. १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं की जर्मन लोक मृत सैनिकांच्या देहातून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात. खोटं होतं, १९२५ साली परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत त्यावर पडदा टाकला. पंधरा-सतरा वर्षांनी नाझींच्या मृत्युछावण्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा लंडनमधले शहाणे अधिकारी म्हणाले, असल्या चरबीच्या गोष्टी आम्ही मागच्या युद्धातही ऐकल्या आहेत. या वेळी गोष्ट खरी होती.

शब्दांचंही असंच. युक्रेनवरच्या स्वारीला रशियात ‘युद्ध’ म्हणणं २०२२ पासून धोक्याचं झालं. लष्कराविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. आपण हसलो. पण आपल्या भागातली म्हातारी माणसं अजून जन्मसाल कसं सांगतात? ‘पुलीस अ‍ॅक्शनच्या अगोदरच्या साली.’ रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. पोलीस त्यात कुठे होते? प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला होता आणि ही देशांतर्गत बाब आहे असं दिसायला हवं होतं, म्हणून ते नाव. तुलना उद्देशांची करत नाही. निजामाच्या जोखडातून मराठवाडा सुटला ते न्यायाचंच झालं, आणि रझाकारीत आमच्या वाडवडिलांनी काय भोगलं ते घराघरात ठाऊक आहे. पण नाव एकदा चिकटलं की माणूस आयुष्यभर तेच उच्चारतो आणि त्याच्या आत काय होतं ते विचारायचं विसरतो.

आत काय होतं याचा शोध घ्यायला नेहरूंनीच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पाठवलं होतं. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदवले, आणि फौज आल्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही नोंदवलं. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना. अगदी हात राखून केलेला अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा. अहवाल बासनात गेला. बाहेर आला तर देशाची बदनामी होईल, शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, हेच कारण तेव्हाही असणार. साठ-पासष्ट वर्षांनी तो दिल्लीच्या ग्रंथालयात अभ्यासकांना वाचायला मिळाला. तोवर काय झालं? सरकारने आकडा दिला नाही म्हणून ज्याने त्याने आपापला घेतला. एका मोहल्ल्यात दोन लाख सांगतात, दुसऱ्या गल्लीत ‘काही झालंच नव्हतं’ म्हणतात, आणि निवडणूक आली की दोन्ही आकडे बाहेर पडतात.

आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर शाळेची पोरं त्यांच्याकडे गोष्ट ऐकायला येतात. रझाकारांनी गढी कशी जाळली, बायका ज्वारीत कशा लपल्या, बार्शीकडच्या कॅम्पात भाकरी कशी पोचवली, सगळं साग्रसंगीत सांगतात. नळदुर्गावर तोफ वाजली, गावात तिरंगा लागला, की गोष्ट संपते. गेल्या साली एका पोराने विचारलं, “आजोबा, मग पुढं काय झालं?” आजोबांनी उपरण्याने तोंड पुसलं. बराच वेळ वेशीकडे बघत बसले. मग म्हणाले, “त्या विहिरीचं पाणी आम्ही लई वर्सं पिलो नाही.” आणि पोराला चष्मा आणायला आत पाठवलं.